कोथिंबीर : शून्य गिनी

"वहिनी, इथं लिहायचं राहिलंय काहीतरी," रिसबूडसाहेब म्हणाले. "कोथिंबिरीपुढे तुम्ही नुसतं शून्य काढलंय."

"राहिलं नाहीये, शून्यच आहे," स्वयंपाकघरातून वैजूचा आवाज आला. "कोथिंबिरीचे पैसे घेत नाहीत."

"आणि लिंबं?"

"लिंबांचेही नाहीत घेत."

रिसबूडसाहेबांची पेन्सिल रकान्यातून खाली खाली उतरत गेली. "पुदिना शून्य. लसूण शून्य. तीळ... तीळसुद्धा शून्य?"

"तीळ मी फक्त संक्रांतीला आणते. दोन्ही वर्षं त्यानं पैसे घेतले नाहीत."

मी समोर बसून त्यांनीच पुण्याहून आणलेले पोहे खात होतो. आता ते मी बशीत नुसते चिवडत होतो. रिसबूडसाहेबांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरत चाललं होतं. परीक्षकाला एखाद्या हुशार मुलाचा पेपर हाती लागावा तसे ते आमच्या फॉर्मकडे बघत होते.

ही गोष्ट कैरोतली, सत्त्याण्णव सालची. आमची कंपनी पंप बनवायची. फय्यूमच्या बाजूला एका पाणी योजनेचं काम मिळालं होतं, त्यासाठी आम्ही पाच कुटुंबं कैरोत राहत होतो. पगार भारतातलाच, पण त्यावर परदेश भत्ता. दर दोन वर्षांनी पुण्याहून बासष्ट वस्तूंची यादी यायची. घरातल्या बाईनं प्रत्येक वस्तूपुढे तिथला भाव लिहायचा, नवऱ्यानं सही ठोकायची आणि मग हिशेबखात्याचा माणूस येऊन भत्ता वाढवायचा की कापायचा ते ठरवायचा. यंदा तो माणूस होता रिसबूड. नैरोबीला गेले असताना त्यांना स्टेशनबाहेर केळी स्वस्त मिळाली, तेवढ्यावर त्यांनी नैरोबीकरांचा पाव भत्ता उडवला होता, अशी त्यांची ख्याती.

"खांबेटे, तुम्हाला नियम ठाऊक असेलच," रिसबूडसाहेब चष्मा पुसत म्हणाले. "ज्या घराचा खर्च सगळ्यांत कमी, ते घर पाया धरायचं. एकाला जमतं तर बाकीच्यांना जमायला काय हरकत आहे? आता तुमच्याच इथल्या भल्लांचा फॉर्म बघा. टोमॅटो तीन गिनी किलो! आणि वहिनींचे चाळीस पियास्टर. म्हणजे अर्ध्या गिनीलासुद्धा कमी." गिनी म्हणजे तिथला पाऊंड, शंभर पियास्टरचा. "माझ्या अंदाजानं चाळीस टक्के तरी भत्ता खाली यायला हवा."

चाळीस टक्के! तेवढा भत्ता गेला असता तर घरभाडं आणि गार्गीच्या शाळेची फी यांतलं एकच काहीतरी परवडलं असतं. म्हणजे मायलेकींनी मिरजेला परत जायचं आणि मी उरलेली दोन वर्षं इथं एकट्यानं काढायची. असं एकट्यानं राहणं मी एकदा लागोसला तीन वर्षं करून बघितलं होतं. तिथून घरी गेलो तेव्हा दार चार वर्षांच्या गार्गीनं उघडलं. "काका, आत बसा. आई देवळात गेलीय आणि बाबा परदेशात असतात," असं तिनं मला अगदी शहाण्यासारखं सांगितलं होतं. त्या दिवशीच मी ठरवलं की आता कुठंही जायचं तर तिघांनी. कैरोचं काम मी भत्ता जास्त म्हणून घेतलंच नव्हतं. तो तिघांना पुरतो म्हणून घेतलं होतं.

मी पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि दार लोटून घेतलं.

"भल्लाचा फोन आला होता ना गेल्या आठवड्यात? भाभीजी को समझाओ, थोडा चढाके लिखना, म्हणून? मी तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत," वैजू कणीक मळत म्हणाली. "पण अहो, माझ्या अक्षरात मी असं लिहू की मी टोमॅटो तीन गिनीला घेते? तो कागद पुण्याला जाणार. तुमच्या ऑफिसातल्या बाया तो वाचणार. महिन्याभरात सगळ्या मिरजेत होईल, खांबेट्यांच्या सुनेला बाजारातलं काडीचं कळत नाही म्हणून."

"पण आपल्याला परत जावं लागेल, वैजू."

तिचा हात थांबला. "म्हणजे?"

मी तिला चाळीस टक्क्यांचं गणित सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, भाव कमी लिहिले की कंपनी शाबासकी देईल," ती म्हणाली.

तिला तरी काय बोलायचं? फॉर्मवर सही माझीच होती. मी शनिवारी पहाटे फय्यूमला जायचो, गुरुवारी रात्री परत यायचो. त्या गुरुवारी तिनं कागद पुढे केला आणि मी अर्धवट झोपेत, न वाचताच सही केली होती.

वैजू होती मात्र हुशार. महिन्याभरात ती अरबी आकडे शिकली. आमचं घर मादी नावाच्या उपनगरात. तिथल्या परदेशी वस्तीतली दुकानं तिनं पहिल्याच आठवड्यात नापास केली आणि मेट्रोनं थेट सय्यदा झैनबच्या बाजारात जायला लागली. अगदी जुना, गर्दीचा बाजार. धुळीचा त्रास नको म्हणून पहिल्याच हिवाळ्यात तिनं एक काळा पायघोळ झगा घेतला. काळ्यावर मळ दिसत नाही आणि आत कुठलाही जुना ड्रेस चालतो, हा तिचा हिशेब. मेट्रोतल्या गर्दीमुळे मंगळसूत्र झग्याच्या आत. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, गार्गीचं बोट धरून ती निघायची ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत. मग जेवताना मला भाव ऐकवायची. तिच्या त्या स्वस्ताईचं मला कौतुकच होतं. भल्लाकडे मी तिची फुशारकी मारलेलीसुद्धा आहे.

आम्ही बाहेर आलो तेव्हा रिसबूडसाहेब बूट घालत होते.

"मी काय म्हणतो खांबेटे, कागदावर भागत नाही. मी स्वतः पाहणी करतो. वहिनी, आज तुमचा बाजाराचा दिवस ना? चला, मला दाखवा तुमचे दुकानदार."

माझ्या जिवात जरा जीव आला. म्हटलं, बाजार आहे, भाव चढलेलेही असतील. त्या आशेवर मीही निघालो. गार्गीनं टाळ्या पिटल्या. मी त्या बाजारात पहिल्यांदाच चाललो होतो.

दुपारची नमाज नुकतीच सुटली होती. हातगाड्या, गाढवं, डोक्यावर पावाची फळकुटं घेऊन सायकलवरून जाणारे लोक, या सगळ्यांतून वैजू अशी चालत होती की जणू किल्लेदाराची बायको किल्ल्यात चाललीय. दर चार पावलांवर कुणीतरी तिला सलाम करत होतं आणि प्रत्येक जण गार्गीच्या डोक्यावरून हात फिरवत होता. एका म्हाताऱ्यानं तर हात फिरवून डोळे पुसले.

"मुलांचं भारी प्रेम आहे हो या लोकांना," वैजू रिसबूडसाहेबांना म्हणाली.

पहिला थांबा उम्म फारूक. म्हणजे फारूकची आई. तिथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. साठीची, भक्कम बांध्याची बाई भाज्यांच्या ढिगामागे पाटावर बसली होती. शेजारी खुर्ची टाकून एक कृश म्हातारे गृहस्थ काचेच्या पेल्यातून चहा पीत होते. जुना पण इस्त्रीचा कोट. हे उस्ताद फिक्री, शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर. दर शुक्रवारी त्यांचा चहा इथंच.

उम्म फारूकनं वैजूच्या गालांचे मुके घेतले. मग तिची नजर आमच्याकडे वळली. आधी रिसबूडसाहेब, मग मी, मग पुन्हा रिसबूडसाहेब. आम्हा दोघांना तिनं पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि फिक्रींना काहीतरी म्हणाली. फिक्रींनी घाईघाईनं चहाचा घोट घेतला.

वैजूनं टोमॅटो घेतले, चाळीस पियास्टर. वांगी घेतली, तीस. मग लिंबं आणि कोथिंबिरीची जुडी उचलून तिनं भाव विचारला. उम्म फारूकनं उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "खल्लीहा अलेना."

"म्हणजे राहू द्या, आमच्यातर्फे," गार्गीनं रिसबूडसाहेबांना समजावलं.

"शुक्रन," असे आभार मानून वैजूनं जुडी पिशवीत टाकली.

रिसबूडसाहेबांनी वहीत शून्य काढलं. "विलक्षण! पण हे ओळखीमुळे असेल. परक्या माणसाला काय भाव पडतो ते बघायला हवं." आणि ते पलीकडच्या पेरूवाल्याकडे गेले. दोन किलो पेरू तोलून घेतले आणि भाव विचारायचा वैजूनं शिकवलेला शब्द उच्चारला, "बिकाम?"

पेरूवाला हसला. त्यानंही हात छातीवर ठेवला. "खल्लीहा अलेना, या बाशा."

रिसबूडसाहेबांनी गार्गीकडे बघितलं. गार्गीनं मान डोलावली. "राहू द्या म्हणतोय. बाशा म्हणजे साहेब."

आयुष्यभर दुसऱ्यांचे खर्च कापत आलेला तो माणूस. दोन किलो पेरू फुकट मिळाल्यावर त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते सांगायला मला शब्द सापडत नाहीत. "शुक्रन!" असं ते केवढ्यानं तरी ओरडले, पिशवी उचलली आणि चालू लागले. पेरूवाल्याचं हसू तसंच राहिलं, पुढे आलेला हातही तसाच राहिला. रिसबूडसाहेब तोवर खजुराच्या दुकानात शिरले होते. गार्गी दुभाषी म्हणून त्यांच्यामागे पळाली. वैजू बटाटे निवडायला वाकली.

माझी चाळीस टक्क्यांची खात्री पटली. मी तिथंच पिंपावर टेकलो.

"बसा, बसा," उस्ताद फिक्री स्वच्छ इंग्रजीत म्हणाले. "ही बाई तुम्हाला दोन प्रश्न विचारू इच्छिते. तुमची हरकत नसेल तर."

"विचारा ना."

"पगार किती?"

पहिल्या भेटीत पगार विचारणं आपल्याकडेही काही नवीन नाही. मी सांगितला. भत्ता धरून सांगितला, म्हटलं आज तरी आहे. उम्म फारूकनं मान हलवली.

"घर स्वतःचं?"

"इथं भाड्याचं. गावाकडे स्वतःचं आहे."

"आई आहे? स्वभावानं कशी?"

"आहे. चांगली आहे," मी म्हणालो. वैजू ऐकत नाही ना, हे आधी बघितलं.

"सिगारेट? दारू? हात उगारायची सवय?"

"छे, छे!"

उम्म फारूक पुढे झुकली आणि वैजूकडे बोट दाखवून बराच वेळ बोलली. फिक्रींनी घसा साफ केला. "ती म्हणते, ही मुलगी सोन्यासारखी आहे. दोन वर्षं बघतेय. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन स्टेशनपर्यंत चालत जाते, बोटांवर वळ उठतात, पण कधी तक्रार नाही. मुलगीही गोड. तुम्ही तिला नीट सांभाळाल ना?"

मला जरा आश्चर्य वाटलं, पण गहिवरूनही आलं. परमुलखात माझ्या बायकोची एवढी काळजी करणारं माणूस आहे! "सांभाळेन," मी अगदी मनापासून म्हणालो. उम्म फारूकनं आकाशाकडे हात जोडल्यासारखं केलं.

तेवढ्यात गार्गी धावत आली. "बाबा! बाबा, लवकर चला, रिसबूडकाकांना पकडलंय!"

चपलांच्या दुकानापुढे ही गर्दी जमली होती. मधोमध रिसबूडसाहेब. एका काखेत पेरू, दुसऱ्या काखेत खजूर, हातात पितळेचं कॉफीचं भांडं आणि छातीशी घट्ट धरलेले चामड्याच्या सपातांचे दोन जोड, एक स्वतःचा आणि एक सौभाग्यवतींचा. चपलांचा मालक मिशीवाला, दांडगा होता. पेरूवाला, खजूरवाला आणि भांडीवाला त्याच्या पाठीशी उभे होते.

"खांबेटे, यांना सांगा! यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलंय राहू द्या म्हणून! चौघांनीही! ही पोर साक्षीला आहे!"

माझं अरबी पाइप, व्हॉल्व्ह आणि 'उद्या' एवढ्यापुरतंच. पण फिक्री मागोमाग आले होते. त्यांनी मालकाला शांत केलं आणि आमच्याकडे वळले. पन्नास वर्षं वर्गात हेच समजावत आल्यासारखा त्यांचा सूर होता.

"साहेब, आमच्याकडे गिऱ्हाईकाला एकदम पैसे सांगणं असभ्य समजतात. म्हणून दुकानदार म्हणतो, राहू द्या. गिऱ्हाईकानं म्हणायचं, छे, असं कसं? तो पुन्हा म्हणतो, राहू द्या. गिऱ्हाईक पुन्हा म्हणतं, मुळीच नाही. तिसऱ्यांदा तो भाव सांगतो आणि गिऱ्हाईक पैसे देतं. ही रीत आहे. आजवर कुणी पहिल्याच वेळी आभार मानून निघून गेल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही."

मला आमच्या मिरजेच्या घरची आठवण झाली. बाराच्या सुमाराला कुणी टपकलं की आई म्हणायची, "आता जेवूनच जा." आणि समोरचा खरंच हात धुवायला उठला असता तर आम्ही सगळे कसे बघत राहिलो असतो!

रिसबूडसाहेबांनी निमूट पाकीट काढलं. आता चिडलेले चौघं, त्यामुळे भावही चिडलेले होते. घासाघीस करायला साहेबांना तोंड नव्हतं. सपाता परत करायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

पण माझं लक्ष वैजूकडे होतं. ती बटाटे तसेच टाकून आली होती आणि फिक्रींचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे मी..." ती म्हणाली. "दोन वर्षं मी... लिंबं, कोथिंबीर, तीळ..."

ती तशीच वळली आणि उम्म फारूककडे चालत गेली. आम्ही मागे. तिनं पर्स उघडून होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं आणि भाज्यांच्या ढिगावर ठेवलं. मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली, "घ्या. मला माहीत नव्हतं. सगळ्याचे घ्या."

उम्म फारूकनं नोटा गोळा केल्या आणि पुन्हा तिच्या पर्समध्ये कोंबल्या. वैजूनं पुन्हा काढल्या. तिनं पुन्हा कोंबल्या. तीनदा झालं, चारदा झालं.

"आता घेईल ना?" मी फिक्रींना विचारलं.

"नाही," फिक्री म्हणाले. "ही रीत नाही. ही खरंच घेणार नाही. त्या साहेबांची गोष्ट वेगळी, हिची वेगळी. हिच्याकडून कुणीच पुरते पैसे घेत नव्हतं. सगळ्या बाजारानं तसं ठरवलंच होतं."

"ठरवलं होतं? का?"

फिक्रींनी आवाज खाली आणला. "बाप नसलेल्या पोरीकडून लिंबू-कोथिंबिरीचे पैसे कोण घेणार? पण तो विषय आता नको. आज आनंदाचा दिवस आहे. मघाशी मुलगी तुम्हाला बाबा म्हणाली. आमच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात. ते ऐकून या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सांगा, लग्न कधी?"

"कुणाचं?"

"तुमचं. हिच्याशी."

मी वैजूकडे बघितलं. वैजूनं माझ्याकडे बघितलं.

"अहो, मी तिचा नवराच आहे," मी म्हणालो.

"म्हणजे होणार आहात."

"आहे! अकरा वर्षं झाली. ही पोर माझी आहे!"

फिक्रींनी चहाचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. काळे कपडे, उन्हाळ्यातसुद्धा. बोटात लग्नाची अंगठी नाही. बरोबर लहान मुलगी आणि दोन वर्षांत एकदाही कुणी पुरुषमाणूस नाही. भर म्हणजे फुकट दिलेली कोथिंबीर मुकाट्यानं घेते, इतकी अडचण. आणखी काय समजायचं? "आम्ही कधी विचारलं नाही. दुःखाच्या गोष्टी विचारू नयेत. आणि आज ती दोन पुरुषांना घेऊन आली. आम्हाला वाटलं, दाखवायला आणलंय. वहीवाला आम्हाला पसंत नव्हता," असंही त्यांनी सांगितलं.

वैजूला सगळा उलगडा व्हायला एक क्षण लागला. मग तिनं घाईघाईनं झग्याच्या गळ्यात हात घातला, मंगळसूत्र बाहेर ओढलं आणि उम्म फारूकच्या डोळ्यांसमोर धरलं. "हे काय आहे मग? हे काय आहे?" ती मराठीतच ओरडत होती. उम्म फारूक कौतुकानं म्हणाली की फार सुंदर माळ आहे. वैजूला रडू कोसळलं. नवरा जिवंत असताना दोन वर्षं सगळा बाजार आपल्याला विधवा समजत होता, हे तिला सहनच होईना. ती माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

उम्म फारूकला फिक्रींनी सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. आधी ती पोट धरधरून हसली, शेजारच्या बायकांना ओरडून सांगितलं, त्याही हसल्या. मग एकाएकी तिचं हसू गेलं. ती पाटावरून उठली, कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली आणि तिनं एकच प्रश्न विचारला.

"ती विचारते," फिक्री म्हणाले, "जिवंत होतास, तर कुठं होतास?"

"फय्यूमला. कामावर."

"ती म्हणते, फय्यूमहून दर तासाला गाडी आहे."

"शनिवार ते गुरुवार काम असतं."

"आणि शुक्रवारी?"

मी खाली बघितलं. "झोपलेला असायचो."

"हे मी तिला सांगत नाही," फिक्री म्हणाले. "तुम्ही पाहुणे आहात."

मला फार लाज वाटली. तिघांनी एकत्र राहायचं म्हणून मी यांना इथवर आणलं होतं. त्यासाठी भत्त्याचा एकेक पैसा राखायला निघालो होतो. आणि ज्या बाजारात माझी बायको आणि मुलगी दर आठवड्याला येत होत्या, तिथं मी मेलेला होतो. गार्गीच्या डोक्यावरून जे हात फिरत होते ते अनाथ पोरीच्या डोक्यावरून फिरत होते. पुन्हा चूक त्यांची काहीच नव्हती. त्यांनी जे बघितलं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं.

मी वैजूच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. जड होत्या.

उम्म फारूकनं ते बघितलं आणि ती पुन्हा पाटावर बसली. मघाचे टोमॅटो तिनं पिशवीतून काढून परत तागडीत टाकले, वजन केलं आणि माझ्याकडे बघून भाव सांगितला. सव्वा गिनी किलो. वांगी एक गिनी. लिंबं पाऊण. कोथिंबिरीची जुडी पंचवीस पियास्टर.

"एवढे?" डोळे पुसता पुसता वैजूच्या तोंडून निघून गेलं.

"नवरा आहे ना," उम्म फारूक म्हणाली. हे मात्र भाषांतराशिवाय मला समजलं. मी पैसे दिले.

मेट्रोत रिसबूडसाहेब मांडीवर सपाता घेऊन बसले होते. मादी जवळ आलं. मग खिशातून आमचा फॉर्म काढून त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि शेरा लिहून मला दाखवला: 'सदर दर विधवांसाठी असल्याने सौ. खांबेटे यांना लागू नाहीत. प्रत्यक्ष पाहणीत बाजार अत्यंत महाग आढळला.'

"भत्ता आहे तसा ठेवतोय," ते म्हणाले. "किंबहुना थोडा वाढवावा लागेल. पण खांबेटे, हेड ऑफिसात सपातांबद्दल एक अक्षर निघता कामा नये."

"नाही निघणार, साहेब," मी म्हणालो. आज ते हयात नाहीत, म्हणून लिहितोय.

वैजूनं काळा झगा टाकून दिला आणि हिरवा घेतला. मंगळसूत्र आता बाहेर असायचं, वर मी तिच्यासाठी एक साधी अंगठीही आणली. आणि दर शुक्रवारी मी बाजारात जाऊ लागलो. उम्म फारूक मला पूर्ण भाव लावायची, वर दर वेळी मी जिवंत असल्याबद्दल देवाचे आभार मानायची. वैजू परतीच्या वाटेवर सगळा वेळ कुरकुरायची. तुम्ही आलात की टोमॅटो तिप्पट होतात, तुम्ही आलात की कोथिंबीरसुद्धा विकत घ्यावी लागते.

एका शुक्रवारी मी फार दमलेला होतो. त्या आठवड्यात दोन पंप बंद पडले होते आणि पाच रात्री मी नीट झोपलो नव्हतो. वैजू पिशव्या घेऊन पलंगापाशी आली तेव्हा मी पांघरूणातूनच म्हणालो, "आज तू एकटीच जा. नाहीतरी मी आलो की महाग पडतं तुला."

ती गेली नाही. मी पांघरूण जरा खाली केलं. ती तशीच उभी होती, हिरव्या झग्यात.

"पडू दे महाग," ती म्हणाली. "मला तुम्ही तिथं दिसायला हवे आहात."

मी उठलो आणि चपला शोधायला लागलो.